आजोबांचं मेडल उलगडून सांगणाऱ्या सुभेदार साहेबांना

आदरणीय सुभेदार साहेब,
सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की आपण विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहितो आहे.

आजोबांचं मिलिटरी मेडल आमच्या घरात सगळ्यांनी हाताळलंय. पण ते ब्रिटिश अमदानीतल्या फौजेच्या सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशवहनात, टेलिफोनच्या तारा टाकणारे-जोडणारे लाइनमन होते, त्यांनी गोळी झाडल्याची एकही गोष्ट घरात नाही. 'तारा जोडल्या म्हणून शौर्यपदक?' असं पाहुणे विचारायचे आणि आम्ही गप्प बसायचो. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून त्या पदकाच्या शिफारशीची प्रत मिळाली, तर तीही त्रोटक : शत्रूच्या माऱ्यात लाइन चालू ठेवली.

एवढ्या एका ओळीवर आपण सगळी दुपार घालवलीत. दुसऱ्या महायुद्धातलं, 1944 चं इम्फाळ-कोहिमाचं रान, समोर जपानी. ओली झाडी वायरलेसचा आवाज गिळते, दमट हवेत बॅटऱ्या दगा देतात, सेटला बुरशी चढते. म्हणून भिस्त जमिनीवर टाकलेल्या तारेवर. ती तोफगोळ्याने तुटते, खेचरांच्या पायात येऊन तुटते, शत्रूही कापतो. आणि ती मुकी झाली, की मागच्या तोफखान्याला मारा कुठे करायचा ते कळत नाही.

मग आपण टेबलावरची चार्जरची वायर उचललीत, डोळे मिटलेत आणि ती मुठीतून सरकवत नेलीत. अंधारात लाइनमन असा जातो. तुटलेलं टोक लागलं की आधी त्यावरून बोट फिरवायचं. विस्कटलेलं असेल तर गोळ्याचं काम. सफाईने कापलेलं असेल तर कापणारा जवळच दबा धरून असू शकतो. जोडायला कुणीतरी येणार हे त्यालाही ठाऊक असतं. तरी दुसरं टोक शोधायचं, गाठ मारायची, टेलिफोन लावून दोन्ही बाजूंना आवाज जातोय का बघायचं. म्हणजे तिथे बोलावं लागतं! अंधारात कुणी कान देऊन बसलेलं असताना 'हॅलो' म्हणायचं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

वेढा पडला की तारही उपयोगाची नाही, मग तोच दगाबाज वायरलेस सांभाळायचा, हेही आपण सांगितलंत. मणिपुरातल्या सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर लढत होती. 26 मार्चला माघारीचा हुकूम आला तो वायरलेसवरच. त्या दिवशी सेट चालू ठेवणाऱ्यांची नावं मला तरी कुठे वाचायला मिळाली नाहीत. चढाई करणाऱ्यांची मिळतात.

शिफारशीवरच्या सह्या मी निव्वळ कारकुनी समजत होतो. ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, आर्मी असा कागद वर चढतो आणि वाटेत कुणीही पदक खालचं करू शकतो किंवा नाकारू शकतो, हे कळल्यावर प्रत्येक सही पुन्हा बघितली.

आता पाहुण्यांना उत्तर माझी मुलगी देते. वायर मुठीतून सरकवून दाखवते, अगदी आपल्यासारखी.

प्रतीची मोठी झेरॉक्स पोस्टाने पाठवली आहे. खालून तिसऱ्या ओळीतला पुसट शब्द आपल्याला लागला तर कळवा. मला तो एखाद्या नाल्याचं नाव वाटतो.

आपला,
एका लाइनमनचा नातू