तुझ्या बुटाचे पैसे

दादा,

व्हॉट्सॲपवर टाईप करायला बसलो तर लांबतच गेलं, म्हणून मेल करायलोय. वहिनीला प्रिंट काढून द्यायला सांग, मोबाईलवर तू वाचणार नाहीस, माहिताय मला.

परवा २८ जूनला आयर्न मेडन, माझा तो मेटल बँड, बघितला, लंडन स्टेडियममध्ये. हे वेस्ट हॅम फुटबॉल क्लबचं आताचं ग्राउंड. तुला मेटल म्हणजे डोक्याला ताप, पण हे ऐक, यांचा बास वाजवणारा स्टीव्ह हॅरिस, ज्यानं १९७५ ला बँड काढला, तो पोरगा असताना वेस्ट हॅमकडं ट्रेनिंगला जायचा, अजून त्याच्या बासवर टीमचा बिल्ला असतोय. म्हणजे पेठेतल्या एखाद्या पोरानं फुटबॉल सोडून बँड काढावा आणि ५० वर्षांनी शाहू स्टेडियम त्याच्याच नावानं ओरडावं, तसलं काहीतरी. नाद खुळा! हॅरिस ६९ वर्षांचा हाय आणि दोन तास नुसता पळत होता. आपले आबा जोतिबाच्या पायऱ्या बघूनच चहा मागतात.

व्हिडिओ मागू नकोस. फोन खिशातच ठेवा असं त्यांच्या मॅनेजरनं आधीच सांगितलेलं, आणि खरं सांगू, बरंच झालं.

मधे ते १३ मिनिटांचं, खलाशाच्या कवितेवरचं गाणं लागलं आणि मी थेट २००८ ला. १ फेब्रुवारी, बांद्रा-कुर्ल्याचं मैदान, तिथंपण हेच वाजवलेलं. त्या टूरचा पहिलाच शो मुंबईत, गाणारा ब्रूस डिकिन्सन बँडचं विमान स्वतः चालवत जगभर फिरायचा, आणि मी रात्रीच्या एसटीनं, मांडीवर आईनं दिलेला डबा. आबांना सांगितलेलं इंटरव्ह्यू हाय. "टाय घालून जा," म्हणाले! टाय बॅगेत, आत काळा टीशर्ट. तुला आठवतंय का, माझी कॅसेट लागली की ते म्हणायचे, हा गातोय का याला इंचू चावलाय?

तिकिटाचे पैसे तू दिलेलेस, बुटासाठी ठेवलेले. मला वाटलं तुझ्याकडं जास्तीचे असतील. त्या सीझनला तू तसलेच फाटके बूट सुतळीनं बांधून खेळलास, हे मला वहिनीनं गेल्या दिवाळीत सांगितलं, १६ वर्षांनी. तू एक शब्द बोलला नाहीस लेका. मी आल्यावर तुला तासभर ड्रमचं सांगत बसलेलो आणि तू नुसता हं हं करत होतास.

इथं दुकानात बूट बघून ठेवलेत. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, रविवारी गांधी मैदानावर पोरांबरोबर उतरतोस हे कळतंय मला सगळं. नंबर ८ च का अजून, तेवढं कळव.

आबांना इंटरव्ह्यूचं मात्र अजून बोलू नकोस.

तुझा,
बारक्या