दुसऱ्या भेटीला कुठे जायचं

बाळा,

काल फोनवर तू म्हणालास ना, आई रविवारी परत भेटतोय आम्ही पण कुठे जायचं काहीच सुचत नाहीये, तेव्हा मी नुसतं बरं बरं म्हणून फोन ठेवला कारण गळा दाटून आला होता. आठ महिने तू "जेवलो" आणि "हो" याच्यापलीकडे बोलत नव्हतास. आता सगळं लिहूनच टाकते, मेसेज लांबेल पण पूर्ण वाच.

ते रूफटॉप हॉटेलचं बुकिंग राहू दे. समोरासमोर बसून काय करतेस, घरी कोण कोण असतं, हे सगळं पहिल्या कॉफीला झालंय, परत तेच केलं तर कांदेपोह्यांचा कार्यक्रमच झाला की तो. पिक्चर तर नकोच, अडीच तास अंधारात गप्प बसून माणूस कसं कळणार. आणि सिंहगड पावसात कितीही भारी असला, पिठलं भाकरी आणि कांदाभजी सगळं मान्य, तरी आत्ता नको. आधीच्या मुलीबरोबर तू तिथे किती वेळा गेलायस मला माहिती आहे. चढताना मधेच काहीतरी आठवून तू गप्प होणार आणि शेजारून चालणाऱ्या या मुलीला वाटणार आपलंच काहीतरी चुकलं.

तुला कधी सांगितलं नाही बहुतेक, बाबा मला बघायला कराडला आले तेव्हा मी घाबरून एवढंच बोलले होते की आमच्याकडे कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भिडतात, असा संगम दुसरीकडे बघायला मिळत नाही. मग मी मामाकडे सांगलीला आले होते तेव्हा हे आजोबांची परवानगी काढून मला आणि मामीला हरिपूरला घेऊन गेले, कृष्णा-वारणेच्या संगमावर. घाटावर उभे राहून म्हणाले, तुमच्याकडचंच पाणी इथपर्यंत येतं. मामी थोडी लांब बसली होती, ह्यांच्या हातात कागदात बांधलेलं भडंग, ते पण द्यायचं विसरले, हाताच्या घामाने कागद पार मऊ पडला होता. मला त्या दिवशी बाकी काही नको होतं रे, मी बोललेलं एक वाक्य ह्यांनी लक्षात ठेवलं होतं.

म्हणून तूच सांगितलेल्याची तुला आठवण करून देते. तिच्या आजीचा पितळी अडकित्ता ती अजून जपून आहे आणि त्याचा फोटो तिने तुला फोनमध्ये दाखवला, हे तूच म्हणालास. मग तिला शुक्रवार पेठेत राजा केळकर म्युझियमला घेऊन जा ना. तिथे तऱ्हेतऱ्हेचे अडकित्ते आहेत, दिवे, वज्री, फण्या, पानाचे डबे, जुन्या घरातल्या बायकांच्या हातातल्या वस्तू. वीसेक हजार वस्तू जमवल्या दिनकर केळकरांनी, बायको कमलाबाई बरोबरीने, गावोगाव फिरून, आणि म्युझियमला नाव दिलं सात वर्षांचा असताना गेलेल्या आपल्या मुलाचं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग आणून तो पण तिथे उभा केलाय. अशा ठिकाणी बोलायला विषय शोधावे लागत नाहीत, ती म्हणेल आमच्याकडे असाच होता, तू विचारशील कोण वापरायचं, की निघाली आजीची गोष्ट. गप्प राहिलात तरी अवघड वाटत नाही कारण बघायला समोर काहीतरी असतं. दीड-दोन तासात होतं. पिंपरीहून मेट्रोने थेट मंडईला उतर, तिथून चालत जाता येतं, पार्किंगचा ताप नको. बाहेर आल्यावर भूक असेल तर मंडईकडे मस्तानी पिता येईल, नाहीतर घरी. रात्रीपर्यंत ओढू नकोस, अजून थोडं थांबायला हवं होतं असं दोघांना वाटलं तर बरंच आहे.

आणि हे पण लिहिते, कारण फोनवर बोलायला जमणार नाही. आधीचीची मला पण सवय झाली होती, दिवाळीला तिच्यासाठी बेसनाचे लाडू वेगळ्या डब्यात भरायचे मी, गेल्या दिवाळीला तो डबा काढला आणि तसाच परत ठेवला. त्यामुळे तुला मधेच वाईट वाटलं तर त्यात काही चुकतंय असं समजू नकोस. हिने विचारलं तर चार वर्षं होतो, आता नाही, एवढं खरं सांग आणि थांब. तिला वाईट म्हणू नकोस, हिची तिच्याशी तुलना तर मनात पण करू नकोस, ही वेगळ्या घरातली वेगळी मुलगी आहे, हिला पहिल्यापासून बघ.

छत्री घे, मोठी काळी घे, ती घडीची नको. बाबा शनिवारी पुण्याला येतायत त्यांच्याबरोबर भडंगाची दोन पाकिटं पाठवतेय, दुसरं तिलाच द्यायचं असं काही नाही, तुला वाटलं तर दे. आणि रविवारी घरी पोचलास की मेसेज टाक, किती पण वाजू देत, मी जागी असेन.

तुझी आई