सही झाली आहे

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला जीभ उचलत नाही, म्हणून लिहितेय. ओसाकात आणखी दोन वर्षं राहायचं मी कबूल केलंय. सोमवारी सहीसुद्धा झाली. आधी विचारलं असतं तर दोघं लगेच 'राहा' म्हणाला असतात आणि बाबा रात्रभर गॅलरीत बसले असते. म्हणून नाही विचारलं. काम अर्धवट टाकून आले असते तर तिथे येऊनही चिडचिडच केली असती गं, आई.

खोली उबदार आहे. वरण-भात रोज होतो, मेतकूट अजून अर्धी बरणी आहे.

बाबा, 'तुझ्या जंतूला पाय नाहीत, मग चालतो कसा?' असं विचारलं होतंत ना? पाय आहेत! मायकोप्लाझ्मा मोबिले हा टेंच नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाच्या कल्ल्यावर सापडलेला. अंगावर शेकडो पाय, एकेक जेमतेम ५० नॅनोमीटरचा. समोरच्या पृष्ठभागावरचं सायलिक आम्ल (पेशींवर असणारी एक प्रकारची साखरच) पकडायचं, ओढायचं, सोडायचं. तुम्ही आडाचा दोर हातावर हात टाकत ओढायचात, तसंच. सेकंदाला २ ते ४ मायक्रोमीटर, म्हणजे तासाभरात सेंटीमीटरभर. २००५ साली तर जपानी संशोधकांनी त्याच्या पेशीच्या बाहेरच्या पातळ पडद्याला डिटर्जंटने भोकं पाडली. मेला, थांबला. वरून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, घातल्यावर ती भुतं परत सरकायला लागली! (आई, दृष्ट काढत बसू नकोस.)

याचाच भाऊबंद, मायकोप्लाझ्मा न्यूमोनिए, माणसाच्या श्वासनळीत असाच सरकतो. तुम्हाला तोच झालाय असं म्हणत नाही, बाबा. पण या जंतूंना पेशीभित्तिकाच नसते आणि पेनिसिलिनच्या जातीच्या गोळ्या तिच्यावरच घाव घालतात. तेव्हा कपाटातल्या डब्यातल्या उरलेल्या गोळ्या आजपासून बंद. तीन आठवडे खोकताय. डॉक्टरांकडे जा, सांगितला तर छातीचा फोटो काढा. आई, तू बरोबर जा, नाहीतर ते दारातून परत येतील. मोतीबिंदूच्या वेळचं आठवतंय ना?

परवा मला साधी सर्दी झाली होती, तरी बाबांच्या पोटावर पालथं झोपावंसं वाटलं. तेहतीस वर्षांची घोडी.

गणपतीला दहा दिवस येतेय, तिकीट काढलंय. पाठवलेले लोकरीचे मोजे पायात घाला, ट्रंकेत नकोत. मी आल्यावर ट्रंक उघडून बघणार आहे.

तुमची,
चिमी