रीबूट न करणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

सर्व्हरवर अडकून पडलेली सेशन्स (नीट न संपलेली लॉगइन्स) तुम्ही सोडवलीत, त्याबद्दल हे जाहीर आभार. तुमच्याआधी आलेल्या मंडळींकडे सगळ्यावर एकच औषध होतं, रीबूट. जाताना दारावर पाटीही लावून गेले: "दर सोमवारी सर्व्हर बंद-चालू होईल. तक्रार चालणार नाही." कुणाचं काय चालू आहे, हे विचारायची पद्धत नव्हती.

कोण लॉगइन आहे हे सांगणारी 'हू' कमांड दाखवते त्या ओळी एकाच जातीच्या नसतात. दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, घरचा राउटर बंद पडतो, आणि कनेक्शन तुटल्याचा निरोपच सर्व्हरपर्यंत पोचत नाही. सर्व्हरवर दुरून येणारी लॉगइन्स सांभाळणारा एसएसएचडी बिचारा वाट बघत बसतो. पलीकडे कुणी आहे का हे पाहणारं लिनक्सचं टीसीपी कीपअलाइव्ह मुळात ७२०० सेकंदांनी चौकशी सुरू करतं, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा. म्हणजे दोन तासांहून जास्त वेळ मेलेलं सेशन जिवंत दिसतं. लॉगइनच्या नोंदवहीतल्या, म्हणजे यूटीएमपीतल्या, काही नोंदींमागे तर प्रोसेसच (चालू प्रोग्रॅम) नसते. कुणीतरी एसएसएचडीवर थेट किल -९ (प्रोसेस तत्क्षणी मारणारी कमांड) चालवलेलं असतं, त्यामुळे यूटीएमपीतली नोंद पुसायची त्याला संधीच मिळत नाही. तिथे मारायला काही उरलेलंच नाही, नुसती नोंद आहे.

साध्या किलने शेल (कमांड घेणारा प्रोग्रॅम) मरत नाही म्हणून लोक -९ कडे धावतात. पण इंटरॅक्टिव्ह बॅश हा शेल साधा किल पाठवतो तो टर्म सिग्नल मुद्दाम कानाआड करतो, हे किती जणांना ठाऊक असतं? तुम्ही आधी 'टीटीवाय'ने स्वतःचं टर्मिनल कुठलं ते पाहिलंत, 'पीएस -टी'ने समोरच्या टर्मिनलवर काय चालू आहे ते पाहिलंत आणि मग एचयूपी, म्हणजे 'लाइन तुटली' असं सांगणारा सिग्नल, पाठवलात. बॅश नीट बंद झाला, विम एडिटरची स्वॅप फाइलही (न साठवलेल्या मजकुराची) जागेवर राहिली.

खरे आभार मात्र फोनसाठी. सेशन्सची यादी देणाऱ्या 'लॉगइनसीटीएल'मध्ये एक सेशन 'क्लोजिंग' (लॉगआउट झालेलं, पण आत प्रोसेस उरलेलं) दिसत होतं. दुसऱ्या कुणी टर्मिनेट-सेशन टाकून हात झटकले असते. तुम्ही पाहिलंत की आत टीमक्स (लॉगआउटनंतरही काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) आहे आणि त्यातल्या प्रोसेसचा सीपीयू-वेळ वाढतोय. मग कमांड न टाकता त्या विद्यार्थिनीला फोन लावलात: "तुमचं काही चालू आहे का? थांबू का?" तिचं गणित चालू होतं. तुम्ही थांबलात. परक्याच्या कामाला हात लावण्याआधी विचारणारी माणसं ऑफिसात, सोसायटीत, बँकेच्या खिडकीवर, कुठेही भेटली की बरं वाटतं.

एसएसएचडीचं क्लायंटअलाइव्हइंटरव्हल (समोरचा आहे का हे विचारण्याचं अंतर) ६० सेकंद केल्यापासून तुटलेली कनेक्शन्स तीनेक मिनिटांत आपोआप जातात. काउंटमॅक्स (उत्तर न येता किती वेळा विचारायचं ते) मूळचं ३ आहे, त्याला हात लावायची गरजच पडली नाही. सेटिंग रीलोड केलं तरी जुन्या कनेक्शन्सना जुनाच नियम राहतो, हेही तुम्ही आधीच बजावलंत. किल-यूजर-प्रोसेसेस 'नो'च ठेवलंत ते फार बरं केलंत. 'येस' असतं तर लॉगआउटबरोबर सगळ्यांची टीमक्सही गेली असती.

दारावरची पाटी काढली आहे. तुमचं बिल अकाउंट्समध्ये अडकलं असेल तर निःसंकोच कळवा, तिथे मी स्वतः जाऊन बसतो.

आपला,
सर्व्हर वापरणाऱ्यांपैकी एक, पुणे