डावीकडचा खालचा

पिट्सबर्ग,
१९ ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

टाकोमाच्या पुढच्या चाकाच्या बॉल जॉइंटबद्दल, म्हणजे गोळी-वाटीच्या सांध्याबद्दल, फोनवर तू तीन वेळा बजावलंस, 'निपलवालाच घे, ग्रीस मारता येतं', आणि मी बिननिपलाचे घेऊन बसवूनही मोकळा झालो. तुझ्या शिव्या ठरलेल्याच आहेत, तर निदान कारण वाचून मग घाल. फोनवर सांगायची सोय नाही, मध्येच तुझं गिऱ्हाईक येतं आणि 'थांब जरा' म्हणून तू अर्धा तास गायब होतोस.

गाडी तीच, फोटोत पाहिलीस ती. २००२ची टोयोटा टाकोमा, फोर बाय फोर. मीटरवर २,१४,००० मैल, म्हणजे आपल्या हिशेबाने ३,४४,००० किलोमीटर. इथे पेनसिल्वेनियात दरवर्षी गाडी तपासून घेऊन काचेवर स्टिकर लावावं लागतं. या वेळी तपासणाऱ्याने हात पुसत बाहेर येऊन सांगितलं, डावीकडचा खालचा बॉल जॉइंट गेलाय, स्टिकर मिळणार नाही. दोन्ही बाजूंचे बदलून द्यायला त्याने आठशे ऐंशी डॉलर सांगितले. घर पाऊण मैलावर. वीसच्या स्पीडने, जीव मुठीत धरून घरी आलो. तिथून टो करून आणायला हवी होती, हे मला आता कळतंय, तू नको सांगूस.

घरी आल्यावर आधी स्वतः बघितलं. चाक वर-खाली हलवलं तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, होता, पण तो बेअरिंगचाही असू शकतो. म्हणून वहिनीला तुझ्या (तिला हे पत्र वाचून दाखवू नकोस) ब्रेक दाबून बसवलं. बेअरिंगचा प्ले असता तर ब्रेक दाबल्यावर गेला असता. गेला नाही. मग जॅक चासीखाली न लावता थेट लोअर आर्मखाली (चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या बाहूखाली) घेतला, कारण स्प्रिंग त्या आर्मवर बसते. चाक अधांतरी आणि स्प्रिंगचा जोर जॅकवर, तेव्हाच खालचा सांधा मोकळा होतो आणि खरं बोलतो. टायरखाली पहार घालून उचललं, दुसऱ्या हाताचं बोट आर्म आणि नकलच्या (चाक ज्याच्यावर बसतं तो तुकडा) फटीवर. नानांनी शिकवलेलं. 'डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतं' म्हणून आपल्या दोघांची बोटं धरून ठेवायचे, आठवतं? बोटाला टक् लागलं. उजवीकडे नुसती चाहूल. डावीकडचं रबर फाटलेलं, आतलं ग्रीस पाणी आणि रस्त्यावरचं मीठ पिऊन कॉफीच्या गाळासारखं झालेलं. इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, सांगलीच्या धुळीपेक्षा वाईट प्रकार.

आता मुद्द्याचं. तुझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पिकअपना पुढे पाटे आणि किंगपिन, चाक जाड खिळीवर वळतं, तिथे हा प्रश्नच नाही. बॉल जॉइंटवाल्या काही गाड्यांत सांधा असा बसवतात की गाडीचं वजन गोळीला वाटीत दाबतं. झिजला की तो खडखडतो, स्टिअरिंग भटकतं, टायर खातो, पण गोळी वाटीतच राहते. ह्या टाकोमाचं उलटं आहे. वाटी चार बोल्टांनी नकलच्या बुडाला आवळलेली आणि गोळीचा दांडा खाली तोंड करून लोअर आर्ममध्ये उतरलेला. स्प्रिंग आर्मला खाली ढकलते, टायर नकलला वर. म्हणजे रात्रंदिवस, गाडी उभी असतानासुद्धा, गोळी वाटीतून बाहेर ओढली जात असते. झिजत झिजत एक दिवस ती निसटते. मग चाक फेंडरखाली आडवं, ब्रेकची नळी गेली तर गेली, आणि तेव्हा गाडी हळू चालू असेल तर नशीब. बहुतेक वेळा पार्किंगमध्ये वळताना होतं म्हणतात. पण बहुतेक म्हणजे नेहमी नव्हे.

२००५मध्ये टोयोटाने याच सांध्यासाठी साडेसात लाखांवर गाड्या परत बोलावल्या होत्या. गोळीवर बनवतानाच ओरखडे राहिले होते, त्याने सांधा लवकर झिजायचा. २००१ ते २००४च्या टाकोमा त्यात होत्या. माझ्या गाडीच्या कागदांत त्याची पावती आहे, पहिल्या मालकाने २००६मध्ये बदलून घेतलेले. तेव्हाचे सांधे आजवर चालले, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांचं आयुष्य संपलं, इतकंच.

आता निपल. तुझं म्हणणं मला पाठ आहे: ग्रीस मारलं की जुनी घाण बाहेर येते, सांधा जगतो. खरंच आहे, पण मारणारा हात पाहिजे. तुझ्याकडे गाडी पिटावर आली की पोरगा न सांगता सगळ्या निपलांना गन लावतो. माझ्याकडे पिट नाही, पोरगा व्हिडिओ गेम खेळतो, आणि जानेवारीत शून्याखाली दहा अंशांत मी गाडीखाली आडवा होणार नाही, हे तुलाही माहीत आहे. निपलवाला सांधा ग्रीसशिवाय ठेवला तर तो बिननिपलाच्या सीलबंदाच्याही आधी जातो. आणि उत्साहाच्या भरात जास्त मारलं तर रबर फुगून फाटतं. गॅरेजची गाडी असती तर तुझंच ऐकलं असतं. घरच्या गाडीला सीलबंद.

सीलबंदात मग ओरिजिनल की लोकल? पंचवीस डॉलरपासून मिळतात, 'आजन्म गॅरंटी' छापून. गॅरंटीत ते दुसरा सांधा देतात, फेंडर नाही देत. आधी एका वेबसाइटवर अडतीस डॉलरला 'ओरिजिनल' दिसले म्हणून मागवले. खोकं हुबेहूब. आत रबर सायकलच्या ट्यूबसारखं पातळ, वाटीवर कसलाही ठसा नाही, आणि हाताने दांडा फिरवला तर पहिल्या दिवसापासून सैल. नवा सांधा कसा घट्ट, सगळीकडून सारखा फिरला पाहिजे! पॅक करून परत पाठवले आणि शोरूमच्या पार्ट काउंटरवर जाऊन उभा राहिलो. डावा-उजवा वेगळा असतो, ते नंबर तपासून घेतले. सोबत आठ नवे बोल्ट, दोन कॅसल नट (डोक्यावर खाचा असलेले), त्या खाचांतून जाणाऱ्या दोन स्प्लिट पिना. सगळे मिळून अडीचशेच्या आतबाहेर. लोअर आर्मचे बुश, शॉक, अगदी वायपरसुद्धा मी लोकल घालतो, तुला माहीत आहे. पण सगळा पुढा ज्याच्यावर टांगलाय तिथे नाही.

बसवायला शनिवार अख्खा गेला. उजवीकडचं दोन तासांत, डावीकडे गंजाने रडवलं. दांडा सुटेना. इथे लोक पाचर-काटा मारून सोडवतात, त्यात रबर फाटतं, पण जुनं फेकायचंच म्हणून चालतं. मी तुझ्या पद्धतीने, नट चार आटे ठेवून, आर्मच्या कानाला बाजूने दोन हातोडे. तिसऱ्याला धाडकन सुटला, शेजारचा कुत्रा अर्धा तास भुंकत होता. चार बोल्ट टॉर्क पान्याने ५९ फूट-पौंड, म्हणजे ८० न्यूटन-मीटर. नटाची खाच दांड्यातल्या पिनेच्या भोकासमोर येईना तेव्हा पुढेच आवळला, मागे नाही घेतला. वरचे दोन्ही सांधे तपासले, ठीक आहेत. ते प्रेसशिवाय निघत नाहीत आणि त्यांच्यावर तेवढा भारही नाही, त्यांना हात लावला नाही. अलाइनमेंट करून घेतलं, स्टिकर मिळालं.

जुना डावा सांधा जपून ठेवलाय. कापडात गुंडाळून डिसेंबरात आणतो. गोळी एका बाजूने चपटी झालीय, नखाने कळते. विमानतळावर बॅग उघडली तर काय सांगू, तेवढं सुचव.

आणि तुझ्या गाडीच्या डाव्या चाकाचा आवाज शॉकचा आहे, असं तू म्हणतोस. म्हणतोस खरं, पण शॉक बदलून चार महिने झाले आणि आवाज परवा फोनवर मला ऐकू येत होता. दुसऱ्यांच्या गाड्या उचलतोस, स्वतःची उचलून बघ. नाहीतर मी आल्यावर आपण दोघं बघू. पहार काढून ठेव, नानांचीच.

तुझा,
दिग्या