झोपलेल्या डॉक्टरांना उठवताना

चि. निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू सांगितलेली हकिगत मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. वॉर्डातल्या आजींच्या केसपेपरवर १० या आकड्याला चिकटून काढलेला इंग्रजी यू शून्यासारखा दिसत होता, त्यामुळे १० युनिट इन्सुलिनचे १०० वाचले जात होते, आणि सिरिंज भरण्याआधी तू थांबलास, हे अगदी योग्य केलेस. परंतु आजींच्या नातेवाइकांदेखत "सर, असं लिहितात का?" असे तू विचारलेस, त्या क्षणी विषय इन्सुलिनचा राहिला नाही, डॉक्टरांच्या मानाचा झाला. ते "लिहिलंय तेवढं द्या" म्हणून निघून गेले आणि खुलासा होईपर्यंत आजींचे इंजेक्शन पाऊण तास लांबले.

माझी चूक नेमकी उलटी होती. नर्सच्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, नाईटला, पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या एका रुग्णाची नाडी ९० वरून १२४ वर गेली होती, रक्तदाब ९०/६० होता, आणि साठ किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिलिलिटर लघवी व्हावी, तिथे चार तासांत पिशवीत जेमतेम ४० मिलिलिटर जमली होती. हे सारे मी चार्टवर नीट लिहिले होते; फोनवर मात्र एवढेच म्हणाले, "सर, पेशंट जरा बरा वाटत नाहीये, झोपमोड केली, सॉरी." "सकाळी बघू," असे उत्तर आले. तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता. आता वाटते, सलग ड्युटीने थकलेल्या माणसाने अंथरुणातून उठावे असे त्या वाक्यात होते तरी काय? आत रक्तस्राव होत होता. पहाटे त्याला पुन्हा थिएटरमध्ये न्यावे लागले. तो वाचला, हे आमचे नशीब. असल्या मोघम बोलण्यालाच आम्ही त्या काळी आदर म्हणत असू.

तुम्हाला शिकवलेली एसबार पद्धत, म्हणजे डॉक्टरांना रुग्णाची स्थिती चार भागांत सांगण्याची रीत, म्हणे अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली. आम्हाला ती कोणी शिकवली नाही. परिस्थिती, पार्श्वभूमी आणि आपला अंदाज, हे तिचे तीन भाग सांगून होतात. "आपण आत्ता येऊन रुग्णाला पाहावे, अशी माझी विनंती आहे," हे चौथे सांगताना जीभ अडखळते. ते सांगायचेच. तरीही ते आले नाहीत, तर वरिष्ठांना कळवत आहे हे आधी त्यांनाच सांगून मगच वरच्या डॉक्टरांना फोन करायचा, आणि दोन्ही फोनच्या वेळा नोट्समध्ये लिहायच्या.

उद्या त्या डॉक्टरांना ड्युटी रूममध्ये एकटे गाठ. नातेवाइकांसमोर बोललो ते चुकले, असे आधी म्हण, आणि यापुढे 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा, हेही त्याच भेटीत सांग. माफी मागितली म्हणून दुसरे गाळू नकोस.

तुझी,
आई