पकडीची मूठ रंगीत आहे म्हणून ती सुरक्षित ठरत नाही

महोदय,

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी वीजतंत्री व्यवसायाचा शिल्प निदेशक होतो. निवृत्तीनंतरही माजी विद्यार्थी भेटायला आले की, नकळत माझी नजर आधी त्यांच्या हत्यारांच्या पिशवीकडे जाते. गेल्या महिन्यात एकाच्या पकडीची मूठ तडकलेली दिसली. त्याने तिच्यावर काळी टेप गुंडाळली होती आणि तीच घेऊन तो चालू लाइनवर काम करत होता.

साध्या पकडीच्या दांड्यांवरचे प्लॅस्टिक हाताला पकड नीट यावी एवढ्यासाठीच असते. ते वीजरोधक आहे असे कोणीही तपासलेले नसते. चालू लाइनवरील कामाच्या हत्यारांसाठी आयईसी ६०९०० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार बनलेल्या हत्यारावर दोन त्रिकोणांचे चिन्ह व १००० व्होल्ट ही मर्यादा कोरलेली असते आणि प्रत्येक नगाची चाचणी १०,००० व्होल्टच्या दाबाखाली घेणे अपेक्षित असते. पकडीच्या मुठीवर बोटे धातूकडे घसरू नयेत म्हणून उंचवटा असतो. स्क्रूड्रायव्हरची दांडी टोकापर्यंत झाकलेली असते. काही उत्पादक आतला थर वेगळ्या रंगाचा ठेवतात, त्यामुळे वरचा थर झिजला की तो रंग दिसू लागतो आणि हत्यार बदलायची वेळ झाली हे समजते. माझ्या मते नवख्या वायरमनने असेच हत्यार घ्यावे, कारण बारीक चीर सहज नजरेतून सुटते. चिन्हाची नक्कल करणेही अवघड नाही, म्हणून ओळखीच्या दुकानातून, पावतीसह खरेदी करावी. चीर पडलेले, ओले किंवा तेलकट झालेले हत्यार चालू लाइनजवळ नेऊ नये. टेप लावून मूठ दुरुस्त होत नाही.

अर्थात पुरवठा बंद करून, तो खरोखर बंद झाल्याची खात्री करूनच काम करणे हा पहिला नियम आहे. वीजरोधक हत्यार त्यानंतरचे कवच आहे. घरातील २३० व्होल्टही जीव घेण्यास पुरेसे असतात.

अशी हत्यारे महाग असतात आणि रोजंदारीवरच्या वायरमनला ती परवडत नाहीत, हे मी जाणतो. म्हणूनच गृहनिर्माण संस्था, नगरपालिका आणि कंत्राटदार यांनी कामाच्या अटींतच या मानकाचा उल्लेख करावा आणि हत्यारांचा खर्च कामगारावर न टाकता स्वतः उचलावा, अशी माझी विनंती आहे.

– एक निवृत्त शिल्प निदेशक, सांगली